गाडीला अर्थ नव्हता

माझ्या पिकअपच्या दोन्ही दिव्यांचा उजेड एकाच वेळी रस्त्यावर पडलाय, असं दृश्य मी फार दिवस पाहिलं नाही. डावा दिवा कडेच्या बाभळींच्या शेंड्यांवरून फिरायचा, उजवा खालच्या चारीत काहीतरी पडल्यासारखा शोधत असायचा, आणि ज्या रस्त्यावरून मला जायचं असायचं तो मधोमध काळा. दिवसा गाडी चालवणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण माझा धंदाच अंधारातला होता. चोरीचा नव्हे, दुधाचा.

महाळुंग्यात तेव्हा कारखाने नव्हते, म्हशी होत्या. गावातून आणि आसपासच्या वस्त्यांवरून पहाटे दूध गोळा करायचं, चाकणवरून मोशीचा पूल ओलांडायचा आणि पिंपरीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला कॅन उतरवायचे. तेही पहिल्या शिफ्टचा भोंगा वाजायच्या आत. या ठेक्यासाठी मी त्याच कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडली होती. त्या काळी पर्मनंट माणूस आपणहून नोकरी सोडतो म्हणजे त्याला बाहेरची बाधा झाली असणार, असं लोक धरून चालत. सासरे राजगुरुनगरहून मुद्दाम आले आणि त्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन तसं विचारलंसुद्धा. मी मात्र भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, की दुसऱ्याच्या भोंग्यावर उठण्यापेक्षा आपल्या गाडीचा मालक झालेलं बरं. आता मी त्याच भोंग्यासाठी पूर्वीपेक्षा दोन तास आधी उठत होतो, ही गोष्ट सांगायची राहून जायची.

ठेका गेला तर गाडीला दुसरं काम नव्हतं आणि मला परत जायला दार नव्हतं. घरात हे सगळ्यांत स्पष्ट माझ्या बायकोला कळत होतं, आणि ती ते रोज एकदा तरी ऐकवायची.

बिघाड मीच केला, आणि तोही भक्तिभावानं. खंडेनवमीला गाडीची पूजा सगळेच करतात. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. गाडी नव्या रंगात उभी राहिली पाहिजे म्हणून निळा ऑइलपेंट आणला आणि रंगारी न बोलावता स्वतः बसलो. वरवरचं काम मला आवडत नाही. दोन्ही दिवे वाट्यांसकट खोलून काढले. वाट्या आतून रंगवल्या, बाहेरून रंगवल्या, त्या जिथे बसतात ती भोकं रंगवली, एवढंच काय, स्क्रूसुद्धा रंगात बुडवून वाळत घातले. गंज लागायला जागाच ठेवायची नाही, असा माझा बेत. पूजेच्या दिवशी गाडी अशी झळकत होती की बायकोनं तिला पहिल्यांदा मनापासून हळदकुंकू लावलं.

परत बसवताना दोन्ही दिव्यांची नजर वाकडी झाली होतीच; दसरा झाला आणि ते लुकलुकायलाही लागले. गाडी उभी असली की लख्ख. खड्ड्यात चाक गेलं की गपकन विझायचे, पुढच्या खड्ड्यात पुन्हा लागायचे. त्या रस्त्याला खड्ड्यांची वाण नव्हती, त्यामुळे सरासरीनं पाहिलं तर दिवे बरेचसे लागत होते. पण सरासरीवर गाडी चालवता येत नाही. मी बैलगाडीच्या चालीनं जायला लागलो. पहिल्या खेपेला उशीर झाला तेव्हा कॅन्टीनच्या मॅनेजरनं नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला वाटेत इतका वेळ गेला की एका कॅनमधलं दूध नासायला लागलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि अख्ख्या शिफ्टचा चहा फाटला. माझेच जुने सोबती टेबलावर ग्लास आपटत होते. त्यातल्या एकानं मला दारात पाहून ओरडून विचारलं, की भावा, पनीरचा धंदा कधी काढलास?

मॅनेजर आवाज चढवणारा माणूस नव्हता. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"उद्या भोंग्याच्या आत दूध आलं नाही," तो म्हणाला, "तर परवा तुम्ही येऊ नका."

तिथून निघालो तो थेट चाकणच्या चौकात, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे. पोट सुटलेला, तोंडात कायम तंबाखू, बोलणं मोजकं. त्यानं दिवे लावले, मडगार्डवर बुक्की मारली, दिवे गेले. पुन्हा मारली, आले. एका वायरचं टोक इकडे लावलं, तिकडे लावलं, मग तंबाखू थुंकून माझ्याकडे पाहिलं.

"राव, ह्याला अर्थच न्हाई."

एवढं बोलून हात पुसत तो एका ट्रकवाल्याबरोबर समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

मी तिथेच उभा राहिलो. ज्या माणसाचं पोट मोडक्या गाड्यांवर चालतं, तोच जर म्हणाला की याला काही अर्थ नाही, तर मग राहिलं काय? डॉक्टरनं नाडी बघावी आणि काही न बोलता नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवावा, तसं मला झालं. त्याला थांबवून आणखी विचारायचा धीर झाला नाही. आणखी विचारलं तर तो गाडीवरून माझ्या आयुष्यावर येईल, अशी भीती वाटली. गाडी सुरू केली आणि घरी आलो.

मग दिवसभर मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. बल्ब नवे घातले. फ्यूज बदलला. चुलीतल्या राखेनं बॅटरीची टोकं घासली. स्विच खोलला, त्यातून एक स्प्रिंग उडून शेणाच्या ढिगात गेली, ती शोधण्यात दुपार झाली. प्रत्येक वेळी अंगणात उभी असलेली गाडी झकास दिवे लावून माझ्याकडे बघायची, आणि वेशीपर्यंत नेली की डोळे मिटायची. चौथ्यांदा वेशीवरून परत येताना पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला राम राम घालणंही सोडून दिलं.

निदान दिव्यांची नजर तरी सरळ करू, म्हणून संध्याकाळ पडताना गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर उभी केली. ड्रायव्हर लोक असंच भिंतीवर खुणा करून दिवे बसवतात, हे मी पाहिलं होतं. भिंत बायकोनं दिवाळीसाठी नुकतीच चुन्यानं पांढरी केली होती. मी कोळशानं तिच्यावर दोन फुल्या काढल्या आणि रंगानं घट्ट बसलेले स्क्रू पक्कडीनं फिरवत दोन्ही दिवे बरोबर फुल्यांवर आणले. डावा स्क्रू फिरता फिरता तुटला, पण जागेवर आल्यावर तुटला, म्हणून मी ते शुभ मानलं.

बायको कमरेवर हात ठेवून फुल्या बघत होती.

"त्यो मिस्त्री नेमका काय म्हनला?"

"याला अर्थ नाही म्हणाला."

"गाडीकडं बगून म्हनला का तुमच्याकडं?"

मी पक्कड पुसायला घेतली. मला त्यातलं नक्की माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती न सांगता टॉर्च घेऊन शेजारी येऊन बसली. भरवसा नाही म्हणून आली की सोबत म्हणून, हे विचारायची वेळ नव्हती. वस्त्यांवरचं दूध भरलं, कॅन हौद्यात चढले, आणि चाकणच्या रस्त्याला लागल्यावर मला कळलं की मी दिवे रिकाम्या गाडीवर जुळवले होते. कॅनच्या वजनानं गाडीची मागची बाजू बसली होती, तोंड वर झालं होतं, आणि काल फुल्यांवर बसलेले दोन्ही दिवे आता एकमतानं आभाळात बघत होते. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या थेट डोळ्यांत. एकानं गाडी अंगावर घालत आणून शेवटच्या क्षणी काढली आणि जाताना माझ्या आईचा उद्धार केला. बायको म्हणाली, "त्याचं काय चुकलं?"

इंद्रायणीच्या उतारावर धुकं होतं. पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आपटलं आणि दोन्ही दिवे गेले ते आलेच नाहीत. मी ब्रेक दाबला, मागे कॅन एकमेकांवर आदळले, गाडी कुठेतरी कडेला थांबली. टॉर्च लावला तर समोर नुसता पांढरा कापूस. मडगार्डवर बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या. काही नाही. खाली नदीचा आवाज येत होता.

मी बंपरवर बसलो. त्या वेळी मला विनोद सुचत नव्हता. पलीकडे पिंपरीत कॅन्टीनच्या भट्ट्या पेटल्या असतील, मॅनेजर दारात आला असेल, आणि माझं घर, गाडी आणि तोंडची बडबड असं सगळं त्या पुलाच्या या बाजूला अडकलं होतं. "संपलं," मी म्हणालो. "मिस्त्री खरं बोलला."

बायकोनं टॉर्च गाडीच्या तोंडावरून फिरवला. मग म्हणाली, "अवो, आपल्या घरात लाईट आली तवा वायरमननं पडवीच्या मागं खड्डा खनला व्हता. मीठ-कोळसा घातला त्यात. काय म्हनला व्हता त्यो? अर्थ द्यावा लागतो. मिस्त्रीचा अर्थ त्योच तर न्हाई?"

हे मला सुचायला हवं होतं. कंपनीत मी इतकी वर्षं मशीनवर काढली. तिथे प्रत्येक मशीनला असा अर्थिंगचा अर्थ होता, आणि मी तोच शब्द चाकणच्या चौकात ऐकून तत्त्वज्ञानात शिरलो होतो. (पुढे त्या मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, चहा पिऊन आलो तर तुमी गायब, म्हनलं लई मानी मानूस दिसतो.)

पण शहाणपण मला एकदम येत नाही. कॅनची झाकणं बांधायची तार काढली, तिचं एक टोक दिव्याच्या चकचकीत कडीला बांधलं आणि दुसरं टोक चाकं खोलायच्या लोखंडी टॉमीला गुंडाळून टॉमी रस्त्याकडेच्या ओल्या मातीत ठोकली. अर्थ म्हणजे जमीन. स्विच लावला. अंधार.

"मीठ पायजे व्हतं का?" बायको म्हणाली. मग जरा विचार करून, "आन् लागला असता तर पुलापतोर टॉमी कोन ठोकत जानार व्हतं?"

मी तार ओढून काढली. चिडून गोळा करत असताना तिचं चिखलातलं टोक गाडीच्या तोंडाला, हँडल मारून गाडी सुरू करायच्या भोकाला घासलं, आणि धुक्यात एकदम दिवा उजळला. रोज हँडल घालून घालून त्या भोकाच्या कडेचा माझा निळा रंग खरवडला गेला होता. गाडीच्या अंगाचं तेवढंच लोखंड उघडं राहिलं होतं, तेही नाइलाजानं. गाडीचा अर्थ जमिनीत नव्हे, तिच्या लोखंडी अंगात असतो, आणि बाकी सगळीकडे गंजाबरोबर मी विजेचीही वाट बुजवली होती.

दोन्ही दिव्यांच्या तारा त्या भोकाशी आवळल्या. लुकलुकणं थांबलं. राहिली नजर. उजवा स्क्रू पक्कडीनं खाली आला. डाव्याचा तर कालच शुभ मुहूर्तावर तुटला होता. बायकोनं कॅन उचलायला आणलेली कापडाची चुंबळ काढून डाव्या दिव्याच्या वरच्या बाजूला मागून ठासली. दिवा थोडा वाकला, अर्धा रस्त्यावर आणि अर्धा बाभळींवर. तसेच निघालो. त्यानंतर मी गाडी किती जोरात हाकली ते सांगत नाही; शेजारी बसलेली बाई सबंध वाट एक शब्द बोलली नाही, यावरून समजून घ्यावं.

भोसरी मागे पडली तेव्हा भोंगा ऐकू आला.

फाटकात गेलो तर कॅन्टीनच्या दारात एक टेम्पो उभा होता. मोशीचा एक दूधवाला कॅन उतरवत होता. मॅनेजर मला पाहून पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच काही बोलून उपयोग नाही हे मला कळलं. तरी मी दिवे, तार, रंग असं काहीबाही सांगायला लागलो. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

"दिवे बंद करा," तो म्हणाला. "उजाडलंय."

मी केले नाहीत. बंद केले तर पुन्हा लागणार नाहीत, अशी भीती हाताला बसली होती. शेवटी बायकोनं वाकून स्विच फिरवला. मग ती खाली उतरली, मागे जाऊन तिनं एका कॅनची तार सोडली, बोट बुडवून दूध चाखलं आणि पदराला पुसलं.

"अजून गोड हाय," ती म्हणाली. "त्या कामगारांच्या चाळींकडं घ्या. हळू चालवा."

मी गाडी वळवली. पहिल्या चाळीशी पोचेपर्यंत ती हौद्यात उभी राहून ‘दूध घ्या, दूध’ असं ओरडायला लागली होती, आणि मी, एकेकाळचा पर्मनंट माणूस, माझ्या जुन्या सोबत्यांच्या दारांवरून मान खाली घालून, पहिल्या गिअरमध्ये, तिच्या आवाजामागे चाललो होतो. कुणीतरी भांडं घेऊन बाहेर आलं.