दर्भाचा कावळा आणि ताईचा लॅपटॉप

माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं, त्यामुळे लिहिताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. भूतबाधा, करणी, बाहेरचं वगैरे मी कधीच मानलं नाही. खरं सांगायचं तर आजही मानत नाही. म्हणून तर हे इतके दिवस कुणाला सांगितलं नाही... घरी तर नाहीच.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. घरात आई, बाबा आणि मी. माझी मोठी बहीण लग्न होऊन उरणला गेली होती. जिजू पोर्टवर नोकरीला, घरचा धंदा मासेमारीचा. लव्ह मॅरेज. बाबांनी होकार दिला, पण 'त्यांच्यात' हा शब्द काही त्यांच्या तोंडून गेला नाही. त्यांच्यात असं चालतं, त्यांच्यात तसं करतात. ताई समोर असली तरी.

लग्नानंतर काही वर्षांनी, पावसाळ्याच्या शेवटी ताई काविळीने गेली. तिची मुलगी चिऊ तेव्हा नुकती प्लेग्रुपला जायला लागली होती.

दहाव्याला बायका जात नाहीत, म्हणून मी आणि आई घरीच होतो. तिथे काय झालं ते बाबांनी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. कावळा पिंडाला शिवला नाही. भजी ठेवली, चहा ठेवला, तिला आवडायचं ते सगळं मांडलं. जिजू म्हणाले, चिऊला काही कमी पडू देणार नाही. ताईचा दीर म्हणाला, तिचे दागिने चिऊलाच देऊ. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसून होते, पण एकही खाली आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. तसंही चालतं म्हणे.

आईने विचारलं, "तुम्ही काय बोललात?"

"मी काय बोलणार? त्यांच्या घरचं कार्य."

आई परत पोळ्या लाटायला लागली.

तेरावं झाल्यावर ताईच्या सासूबाई स्वतः एसटीने आल्या. पिशवीतून ताईचा लॅपटॉप काढून आईच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "ह्यो तुमच्या पोरीचा हाय. आमाला नाय उघडता येत. तिचं सगलं फोटू ह्याच्यातच हायेत." मला त्या बाईंचा राग कधीच आला नाही. राग यायला दुसरी माणसं होती.

लॅपटॉप सुरू होत नव्हता. काळी स्क्रीन, वर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ - ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड. चिऊच्या जन्मापासूनचे सगळे फोटो ताईने त्यातच टाकले होते. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की इकडे कॉपी करायचं आणि कार्ड रिकामं करायचं. प्रिंट काढू, काढू म्हणत राहिली.

मी कॉम्प्युटरवालीच आहे, म्हणून मीच मागे लागले. बॅटरी काढून पॉवर बटण दाबून धरलं. रॅम काढून तिच्या पट्टीवर खोडरबर घासलं. रिपेअर सीडी घातली. मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं तो बूटचा क्रम बदलून पाहिला, तर यादीत हार्ड डिस्कच दिसेना, आणि फोटो तर तिच्यातच. मग पनवेलच्या बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला लावली, कानाशी धरली, म्हणाला, "मॅडम, हिची मोटर फिरतच नाहीये. मेलीय ही. नवीन टाकतो, मशीन मस्त चालेल. फोटो विसरा." मी नको म्हटलं आणि सगळं घरी घेऊन आले.

त्यानंतर रविवारचा मला एक चाळाच लागला. दुपारी जेवणं झाली की डायनिंग टेबलवर पेपर पसरायचा, स्क्रू काढून वाटीत ठेवायचे, डिस्क काढायची, पुसायची, परत बसवायची, बटण दाबायचं. बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "भंगारात टाक ते." आई कितीदा तरी तिथून ये-जा करायची.

अशाच एका रविवारी बेल वाजली. जिजू, सासूबाई आणि चिऊ. मी उठले. लॅपटॉप टेबलवर पालथा होता तो सरळ करून स्क्रीन उघडी ठेवली, म्हणजे खालचे उघडे भाग झाकले जातील. चार्जर लावलेला होता. डिस्क बाजूला पेपरवर होती. हे मी अगदी नक्की सांगते, कारण चिऊ तिला हात लावेल म्हणून मी वाटी आणि डिस्क दोन्ही आत सरकवल्या होत्या. डिस्क माझ्या बोटांना गार लागली होती.

जिजू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की घरचे दुसऱ्या लग्नाचं बघतायत, मुलगी ठरल्यासारखीच आहे. आणि चिऊला त्यांची वापीची बहीण दत्तक घेणार आहे. तिला मूल नाही. सगळ्यांच्या सोयीचं होईल.

सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "लांब जाईल वो पोर... आमालापन बरं नाय वाटत. पन माज्यानं आता व्हत नाय."

चिऊ टेबलाखाली बसून माझ्या चपलेचा पट्टा काढत-लावत होती.

आई म्हणाली, "चिऊ इथे राहील." आवाज चढवला नाही. "माझ्याजवळ. आजपासून."

कुणी काही बोलायच्या आत टेबलवरून पंख्याचा आवाज आला. लॅपटॉपचा. मग सुरू होताना वाजते ती ट्यून... आणि स्क्रीनवर फोटो. पिरवाडीच्या किनाऱ्यावर ताई, कडेवर चिऊ, दोघींचे केस वाऱ्याने तोंडावर आलेले. हा फोटो मी आधी कधीच पाहिला नव्हता.

जिजूंचा चेहरा पांढरा पडला. मग हसून म्हणाले, "अगं नेहा, झाला की रिपेअर!"

मी पेपरकडे पाहिलं. डिस्क तिथेच होती. तिच्या शेजारी स्क्रूची वाटी.

चिऊ खुर्चीवर चढली. "मम्मा," म्हणाली आणि ताईच्या गालावर बोट ठेवलं. आईने तिला मागून धरलं. मला वाटलं, झालं... आता कोण काय बोलणार?

बाबा बोलले. "भावनेच्या भरात काहीतरी ठरवू नकोस. मूल त्यांच्या घरचं आहे. आपल्याला काय अधिकार? आणि नेहाचं लग्न व्हायचंय अजून. घरात लहान मूल दिसलं की लोक दहा प्रश्न विचारतात."

ते जिजूंकडे वळून म्हणाले, "तुम्ही योग्य तेच ठरवलंय." 'तुमच्यात' म्हणाले नाहीत, एवढीच काय ती सुधारणा.

आईने चिऊचे खांदे सोडले. स्क्रीन काळी झाली. चार्जरचा हिरवा दिवा चालूच होता, घरातले दिवेही. चिऊ ताईचा गाल होता त्या जागी बोट दाबत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परत लाव ना, मावशी."

ते गेल्यावर मी डिस्क बसवली, स्क्रू घट्ट केले, बटण दाबलं. ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड. खोलीचं दार लावून मी लॅपटॉपसमोर बसले आणि हळूच म्हणाले, चिऊला मी आणीन. तीच ओळ. नोकरी लागल्यावर परत एकदा म्हणाले. तीच ओळ. आता बटण दाबत नाही.

चिऊ वापीला शाळेत जाते. फोनवर तिच्या नव्या आईने सांगितलं तर 'नमस्ते' म्हणते. माझं लग्न अजून झालेलं नाही. येणारी स्थळं दुसऱ्याच कुठल्यातरी कारणाने नकार देतात.

तुमच्यापैकी कुणी सांगेल की लूज कनेक्शन असेल, मेमरीत काही उरलं असेल, तुलाच भास झाला असेल. हे सगळं मी वाचून बसलेय. भास म्हणावा तर त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी तो फोटो पाहिलाय. डिस्क मात्र माझ्याशिवाय कुणीच पाहिली नाही.

बाबा हल्ली ताईचा विषय काढतात. वय झालंय. परवा जेवताना म्हणाले, "तेव्हा सुरू झाला होता ना तो, तेव्हाच फोटो काढून घ्यायला हवे होते गं तू."

मी हो म्हटलं आणि त्यांना भात वाढला.