बाईसाहेबांची सपाट रेष

प्राण्यांच्या दवाखान्यामागे जी तपासणीची प्रयोगशाळा आहे, तिथे सगळे त्यांना स्पिरिटमावशी म्हणत, आणि तेही तोंडावर. कामाला हात लावण्याआधी टेबल स्पिरिटने पुसायचं, काम झालं की परत पुसायचं आणि मध्येच कुणी नुसता कोपर टेकवला तरी पुन्हा पुसायचं. एकोणतीस वर्षांत आपल्या टेबलावरून एकही चुकीचा निकाल बाहेर गेला नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं. पण गोष्ट खरी होती, त्यामुळे कुणाची उलट बोलायची सोय नव्हती.

निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा त्यांच्या हातात शेवटचं मोठं काम होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी वर्षभर घरोघर हिंडून पाळीव मांजरांचे नमुने गोळा केले होते. माणसाला नागीण होते ना, तिच्याच कुळातला एक विषाणू मांजरांत असतो. माणसाला तो लागत नाही, मांजरांना मात्र शिंकांनी बेजार करतो, डोळे चिकटवतो. वरून ठणठणीत दिसणाऱ्या घरातल्या मांजरांपैकी किती जणींच्या अंगात तो निघतो, एवढंच डॉक्टरांना मोजायचं होतं. कापसाची काडी पापणीच्या आतून आणि घशातून फिरवायची, नळीत घालायची, नळी यंत्रात लावायची. विषाणू असला तर पडद्यावरची रेष वर चढते, नसला तर सपाट राहते. चारशे मांजरं आणि चाळीस-चाळीसच्या दहा खेपा.

प्रत्येक खेपेला मावशी दोन नळ्या जास्तीच्या लावत. एकीत नुसतं पाणी, दुसरीत ज्या मांजरात विषाणू नाही याची खात्री आहे, त्याची काडी. या दोन्ही रेषा सपाट आल्या तरच बाकीच्या निकालांवर विश्वास ठेवायचा. एखादी जरी चढली तर कुठेतरी हात बरबटला असं समजायचं, आणि अख्खी खेप बाद. आता असं खात्रीचं मांजर आणायचं कुठून, म्हणून डॉक्टर डोकं खाजवत होत्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमच्या बाईसाहेब आहेत की!"

बाईसाहेब म्हणजे मावशींची करडी मांजरी. वय अकरा. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, लेक दूर नोकरीला, घरात या दोघीच. बाईसाहेबांनी लहानपणानंतर दुसऱ्या मांजराचं तोंड पाहिलं नव्हतं आणि जन्मात एक शिंक दिली नव्हती. मावशी दर खेपेला सकाळी घरूनच तिची नवी काडी घेऊन येत. नऊ खेपांत नऊ वेळा रेष सपाट. "बघा, आमच्या घरचं वळण!" असं म्हणून मावशी पडद्याकडे बोट दाखवत, जणू ती रेष त्यांनीच मांडीवर घेऊन सरळ केली होती.

दहाव्या खेपेला बाईसाहेबांची रेष चढली.

मावशींना आधी वाटलं, चष्म्याची काच खराब झाली. काच पुसली. रेष तशीच. सगळं टेबल धुऊन काढलं, नवी द्रव्यं फोडली, तीच काडी परत लावली. परत चढली. दुसऱ्या दिवशी ताजी काडी आणली, तीही चढली. पाण्याची नळी मात्र तिन्ही वेळा सपाट.

डॉक्टर आल्या आणि तिन्ही वेळच्या रेषा त्यांनी एकाखाली एक लावून पाहिल्या.

"मावशी, ही खेप तर गेलीच," त्या हळूच म्हणाल्या. "पण मोठे सर विचारतील, दहावीत हात बरबटला तर नववीत कशावरून नव्हता? आठवीत कशावरून नव्हता?"

"म्हणजे सगळी मोजणी जाणार?"

"जाऊ शकते."

एकोणतीस वर्षांचं नाव आणि डॉक्टरांची वर्षभराची वणवण, दोन्ही एका रेषेपायी मातीत जायची वेळ आली. चूक आपली असेल तर कबूल करून मोकळं व्हायचं, एवढा हिय्या त्यांच्यात होता. पण चूक कुठे झाली ते कळायला नको?

"एक करा," त्या शेवटी म्हणाल्या. "माझा हात कुठेच लागू देऊ नका. बाईसाहेबांना टोपलीत घालून आणते. काडी तुम्ही फिरवा. वर नाव घालू नका, नुसता आकडा घाला. सोबत चार पाण्याच्या नळ्या ठेवा, आणि पाचही दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. तिथेही तीच चढली तर माझं टेबल स्वच्छ. एकही चढली नाही, तर मी स्वतः सरांना सांगते की घाण माझ्या हातची."

तसंच झालं. बाईसाहेबांनी डॉक्टरांच्या मनगटावर तीन ओरखडे उमटवून सहकार्य केलं. मावशी बाहेरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या हातांना काम नाही असं दृश्य त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पुन्हा काडी लागलीच तर हाताशी असावी म्हणून मावशींनी त्या सकाळी बाईसाहेबांना टोपलीत घालून आणलं होतं. पाचातली एकच रेष चढली होती. बाईसाहेबांचीच.

"तुमचं टेबल स्वच्छ आहे!" डॉक्टर दारातूनच ओरडल्या. "चूक माझी. सरांनाही तसंच सांगून आले. मोजणी कायम!"

मावशींचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही.

"मग नऊ वेळा कशी सपाट आली? ही तर घराबाहेर जात नाही. शिरला कधी तो हिच्यात?"

"हिला आणलीत कुठून?"

"इथल्याच सायकलींच्या छपराखालून. चार पिल्लं होती. तिघांचे डोळे चिकटलेले, हिचे तेवढे उघडे. म्हणून हिला उचलली."

"मग तेव्हाच शिरला असणार. अकरा वर्षं झाली त्याला." डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "एकदा शिरला की बहुतेक मांजरांत तो जन्मभर राहतो, मावशी. डोळ्यामागच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. झोपलेला असला की आपल्या काडीला लागत नाही, रेष सपाट येते. खात्रीचं मांजर असं काही नसतंच. मला हे पुस्तकातून पाठ होतं, तरी तुमच्या बाईसाहेबांचा तोरा बघून मी विसरले. तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"मग त्यांचा विषाणूही तुमच्यात असाच कुठेतरी झोपलेला आहे. माझ्यातही आहे."

मावशींनी नकळत मानेमागे हात नेला. मग त्या पडद्याकडे वळल्या. चारशे मांजरांपैकी एकसष्ट रेषा वर गेलेल्या आणि खाली तीनशे एकोणचाळीस सपाट. वर्षभर त्या सपाट रेषांना त्या 'नाही' म्हणत आल्या होत्या. त्यांतल्या किती जणी नुसत्या झोपलेल्या होत्या?

"म्हणजे आपण मोजल्या त्या फक्त जाग्या."

"फक्त जाग्या. झोपलेल्या किती, ते या काड्यांनी कळत नाही. बहुधा खूप."

मावशी काचेच्या दारापाशी गेल्या. पलीकडे दवाखान्याची बसायची खोली दिसत होती. टोपल्यांतून, पिशव्यांतून, मांडीवरच्या टॉवेलांतून मांजरं डोकावत होती. कुणी लस टोचायला आलेलं, कुणी नखं कापायला. एक पांढरं पिल्लू मालकिणीच्या पदराशी खेळत होतं. या सगळ्यांच्या डोळ्यांमागे कदाचित एक पाहुणा निजलेला आहे, त्यांच्या आयांकडून आलेला, त्या आयांना त्यांच्या आयांकडून आलेला, आणि घरातल्या कुणाला गंधवार्ता नाही! मावशींच्या अंगावर काटा आला. भीती त्यात नव्हती. एकोणतीस वर्षं ज्या जगाला आपण धू धू धुतलं, ते आपल्या हाताबाहेर किती मोठं पसरलेलं आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि त्या थक्क होऊन नुसत्या बघत राहिल्या.

"पण मग आत्ताच का उठला?" त्यांनी विचारलं.

"ताण पडला की उठतो. जागा बदलली, नवं जनावर आलं, घरात काही उलथापालथ झाली, की साधारण आठवड्याभराने. दहाव्या खेपेच्या आठवडाभर आधी घरात काही झालं होतं का?"

"छे! आमच्या घरात काय होणार?" मावशी म्हणाल्या. मग त्यांची बोटं एकेक करत दिवस मोजू लागली आणि मध्येच थांबली. "एक खुर्ची काढली. यांची."

यजमान बस चालवत. दिवसभर बसून घरी आले की पुन्हा त्या आरामखुर्चीत बसायचे आणि मावशी म्हणायच्या, उभं राहणं सोडायची शपथ घेतलीय का? ते गेल्यापासून खुर्चीवर बाईसाहेब झोपत. लेक फोनवर सारखी म्हणायची, आई, अडगळ काढ, मोकळं वाटेल. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दिली. देताना मावशींना काहीसुद्धा वाटलं नाही. निदान त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलं.

"याचा त्याचा संबंध आहे असं मी लिहून देऊ शकत नाही," डॉक्टर जपून म्हणाल्या.

"लिहू नका. नोंद तेवढी बदला. खात्रीचं मांजर खोडा आणि एकसष्टच्या खाली हिची वेगळी ओळ लिहा." मावशींनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "हे गेले त्या दिवशी ही नेहमीसारखी जेवली हो. मी हिला कृतघ्न म्हणाले होते."

त्या दुपारी मावशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाईसाहेबांना घेऊन घरी गेल्या. टोपलीचं झाकण काढलं. बाईसाहेब सरळ खिडकीखालच्या रिकाम्या जागेत जाऊन बसल्या. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार फिकट ठिपके होते. खुर्ची गेल्यावर कितीदा तरी फरशी पुसली होती, पण ते ठिपके मावशींना दिसायला आजचा दिवस उजाडावा लागला. बाईसाहेबांच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब जमला होता.

मावशींनी कोमट पाण्यात कापूस भिजवून तो डोळा हलक्या हाताने टिपला. मग त्या तिथेच खाली फरशीवर बसल्या, मांजरीला ओढून पोटाशी घेतलं आणि म्हणाल्या, "मलाही नव्हती द्यायची गं." एवढं बोलून त्यांना जे रडू फुटलं, ते संध्याकाळ झाली तरी थांबेना.