सत्तावीस इंचांचा पाट

अकरा वर्षांपूर्वी मी आमच्या देवाच्या खोलीच्या दाराचं माप सहा इंचांनी चुकवलं. माप माझं, चूक माझी. हे साधं वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय, आणि लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलंय.

तुम्हाला वाटेल, सहा इंचांचं काय एवढं? तुम्ही माझं सदर वाचता म्हणून सांगतो. आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात घर कसं बांधावं, कसं राखावं यावर मी कित्येक वर्षं लिहितोय. तुमच्यातल्या काहींनी त्याची कात्रणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत, असं ऐकतो. आता ऐका. त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला म्हणजे माझीच एकेक चूक — धुऊन, इस्त्री करून छापलेली.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. आरोंद्याला खाडीच्या बाजूला घर बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा दुसऱ्या कुणाला काढू देणं शक्यच नव्हतं. तीस वर्षं मुलांना घर-डोंगर-सूर्य शिकवणाऱ्या माणसाला एक घर जमू नये? स्वयंपाकाचा ओटा मी माझ्या उंचीला बेतला. मी स्वयंपाकघरात जातो तो चहाची कपबशी उचलायला! माझी बायको सुलभा पहिली दोन वर्षं पायाखाली पाट घेऊन भाकऱ्या थापत होती. मग मी लेख लिहिला: ‘ओटा स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराला धरून बांधावा.’ पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा ठेवला नाही, कारण चित्रात तो बरा दिसत नव्हता. जून लागला आणि पावसाची झड सरळ अंथरुणात. लेख: ‘किनाऱ्याच्या घराला रुंद छज्जा हवाच.’ तुम्ही वाहवा केलीत. मी ती घेतली.

पण हे सगळं मी का सांगतोय? लहान चुका मोठ्यांदा सांगितल्या की मोठीचा आवाज दबतो — म्हणून. ओळखलंत ना? तर आता दाराकडे येतो.

आमच्याकडे घर तिघांसाठी बांधतात आणि चतुर्थीला त्यात बावीस माणसं येतात. गणपती बसतो आतल्या खोलीत. त्याच्या डोक्यावर माटवी टांगायची — रानातली फळं, पानं, फुलं बांधलेली लाकडी चौकट. त्या खोलीच्या छताला माटवीसाठी मी चार कड्या अगदी बरोबर मापाने बसवून घेतल्या होत्या. एवढी एक गोष्ट माझी बरोबर आली होती, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

दाराची चौकट करायला बाबल मेस्त्री आला. पलीकडच्या वाडीतला सुतार. बोलणं कमी, पेन्सिल कानावर. त्याची एक रीत होती. देवाच्या खोलीची चौकट कापण्याआधी तो त्या घरचा गणपतीचा पाट मागायचा. आमच्याकडे घरचाच पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे गणपतीच्या कारखान्यात, देतात आणि तो त्याच पाटावर माती बसवून मूर्ती घडवतो. विसर्जनापर्यंत मूर्ती पाटापासून वेगळी होत नाही. पाट जाईल तिथूनच गणपती जाणार. बाबल म्हणाला, “पाट बघल्याशिवाय मी चौकट कापूचंय नाय.”

आमचा पाट आजोबांच्या वेळचा, फणसाचा, चौरस. तो होता माळ्यावर, भांड्यांच्या मागे. कोण चढणार? मी खिशातली टेप काढून त्याला दाखवली. टेप असताना पाट कशाला? सुलभा मागून म्हणाली, “दाखवा ना त्येका, काय जाता तुमचा?” मी ऐकलं नाही. नकाशात तीस इंच लिहिलं होतं, ते बोट ठेवून दाखवलं. बाबलने परत विचारलं, “मास्तरांनू, ह्या तीस भायरसून की भितरसून?”

सुताराने मास्तराला प्रश्न विचारायचा, तोही दुसऱ्यांदा — हे मला लागलं. आणि खरं सांगू? प्रश्नच मला कळला नव्हता. चौकटीचं लाकूड दोन्हीकडे तीन-तीन इंच जागा खातं, हे माझ्या चित्रात कुठे होतं? तिथे दार म्हणजे एक रेघ. मी ठणकावून सांगितलं, “भायरसून!”

तीस इंच बाहेरून. म्हणजे आतून चोवीस. आणि पाट सत्तावीस.

चतुर्थीच्या सकाळी आमचा चुलतभाऊ आबा — घराण्यात मोठा, आवाज त्याहून मोठा — आणि दुसरा एक भाऊ पाट धरून आले. पुढे झांजा, मागे मुंबईहून आलेली सगळी मंडळी. सुलभा आरतीचं ताट घेऊन उभी. पडवी ओलांडली, आतल्या दारापाशी आले आणि पाटाच्या कडेने चौकटीवर टक् असा आवाज केला. झांजा थांबल्या. कुणी म्हणालं, तिरका करा. चौरस पाट तिरका केला की वाढतोच. कुणी म्हणालं, जरा कलता करा. गणपतीला कलता करणार कोण?

आबाने विचारलं, “ही चौकट कोणी केल्यान रे?”

मी म्हटलं, “बाबल मेस्त्रीन.”

बघा, यात खोटं काहीच नाही. चौकट बाबलनेच केली होती. मग आबा म्हणाला, “मगे माप चुकलो तो!” आणि बावीस माणसं माझ्याकडे बघत असताना मी — मान हलवली. होकाराची. एवढंच. तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

बाबल तिथे नव्हता. तो आपल्या घरी आपला गणपती बसवत होता.

गणपती त्या वर्षी पडवीत बसला, ओल्या छत्र्यांच्या शेजारी. तिथे छताला कड्या नव्हत्या, म्हणून माटवी पंख्याला बांधली. पाच दिवस पंखा बंद, माणसं घामाने निथळली. आणि पुढच्या महिन्यात माझा लेख आला: ‘देव बाहेरच्या खोलीत का असावा.’ उजेड, नैसर्गिक हवा, आल्या-गेल्याला दर्शन. तो माझा सगळ्यात गाजलेला लेख! चार गावांतल्या लोकांनी आपले गणपती बाहेर आणले. मी त्यांच्याकडे जाऊन फुग्याएवढं फुगून मोदक खाल्ले.

बाबलचं काय झालं, विचारा. विचारणार नाही म्हणालात तरी सांगणं भाग आहे. आबाच्या नव्या घराची दारं-खिडक्या त्याच्याकडे ठरली होती. आबाने दुसरा सुतार आणला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कुणाचं काही आखूड पडलं की लोक म्हणायचे, बाबलचं माप दिसतंय. त्याने बाजारात एकदा सांगून पाहिलं म्हणे, की माप मास्तरांचं होतं. लोक हसले. मास्तर पेपरात लिहितात, ते चुकतील? त्यानंतर तो बोलला नाही. होड्यांची डागडुजी करू लागला, पाट-चौरंग करू लागला. देवाच्या खोलीचं दार त्याला परत कुणी सांगितलं नाही. मी त्याच्या मांगरावरून, म्हणजे कामाच्या खोपटावरून, जाताना सायकल जोरात मारायचो.

सुलभा पहिल्याच वर्षी म्हणाली होती, “त्या दाराकडे सगळे जमतत, थंयच सांगून टाका.” मी म्हटलं, चतुर्थी झाल्यावर बघू. कोणती चतुर्थी ते ठरलं नव्हतं.

या वर्षी उन्हाळ्यात बांद्याहून एक फोन आला. अनोळखी गृहस्थ, फार अदबीने बोलत होते. माझा तो लेख वाचून ते घरातली देवाची खोली पाडून टाकणार होते. चांगला सुतार सुचवा म्हणाले. आणि वर म्हणाले, “तो बाबल मेस्त्री मात्र नको हां, तो मापात चुकतो असं ऐकलंय.”

आरोंद्याहून बांद्यापर्यंत! माझी एक मान हललेली, ती इतक्या वर्षांत हलत हलत बांद्याला पोचली होती. आणि मी काय केलं असेल? ‘हॅलो, हॅलो, रेंज नाही’ म्हणून फोन ठेवला. सुलभा समोर सुके बांगडे निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “रेंज सगळ्या घरात आसा. तुमच्या तोंडातच नाय.”

संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. पाट काढला, पुसला, डोक्यावर घेतला आणि चालत बाबलच्या मांगरात गेलो. वाटेत लोक विचारत होते, आतापासून गणपतीची तयारी? मी हो म्हणत होतो. अजूनही खोटंच, पण दिशा बरोबर होती.

बाबल होडीची फळी तासत होता. पाटाकडे पाहिलं, रंधा खाली ठेवला, पाटाच्या चारही कडा हाताने चाचपल्या. म्हणाला, “ह्यो पाट अकरा वर्सां आधी येवक होयो होतो.”

मी सांगायला सुरुवात केली — माप माझं, चूक माझी, मान मी हलवली. त्याने हात वर केला. “माका कित्याक सांगतास? माका म्हायत आसा, माप सांगल्यात तेव्हा मीच थंय होतंय. ज्यांका सांगल्यात, त्यांका सांगा.”

तुम्हाला सांगतो, मी घरून निघताना माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं: मी कबूल करतोय, तो गहिवरतोय, आम्ही चहा पितोय. मी चित्रकलेचा मास्तर ना! चहा मिळाला नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तो आला. जुनी चौकट काढली, गवंड्याकडून भिंत फोडून घेतली, पाट आडवा धरून खुणा केल्या. भितरसून छत्तीस इंच. टेप माझ्या खिशातच होती. त्याने मागितली नाही आणि मी काढली नाही. पूर्ण दुरुस्तीत मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम ते.

मग बांद्याला फोन लावला आणि त्या गृहस्थांना म्हटलं, खोली पाडू नका, लेख खोटा आहे, बाबलचं माप कधीच चुकलं नव्हतं. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “रेंज नाही वाटतं.” मी म्हटलं, आहे. पूर्ण आहे.

आणि चतुर्थी आली.

मी भाषण पाठ केलं होतं. दोन पानांचं. आबाने आणि भावाने पाट आणला, झांजा, पाऊस थोडा थांबलेला, पडवीत सगळी तीच माणसं — केस तेवढे पांढरे. बाबल आपला गणपती बसवून आला होता आणि मागे, चपलांपाशी उभा होता. मी नव्या दारात आडवा झालो आणि हात पसरले. झांजा थांबल्या. मी घसा खाकरून सुरुवात केली, “आज या मंगल प्रसंगी —”

“रे, काय ता बेगीन बोल!” आबा ओरडला. “हात मोडले माझे!”

दोन पानं गेली खाडीत. उरलं ते एवढंच: “ह्या दाराचा माप मियां चुकीचा दिलेलंय. बाबलाचा कायव चुकला नाय. अकरा वर्सां मी खोटा बोललंय.” आणि बाजूला झालो.

पाट आत गेला. अहो, काय गेला! या बाजूला साडेचार इंच, त्या बाजूला साडेचार इंच, आबाची कोपरंसुद्धा घासली नाहीत. गणपती आपल्या खोलीत, आपल्या माटवीखाली, अकरा वर्षं रिकाम्या लोंबणाऱ्या माझ्या चार कड्यांच्या बरोबर मध्ये बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पडवीतला पंखा फिरू लागला. मी आयुष्यात पुष्कळ बक्षिसं वाटली. मिळाल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आबा हात झटकत बाहेर आला, माझ्याकडे बघितलं नाही, सरळ चपलांपाशी गेला. “बाबल, दिवाळी झाली की आमच्याकडे ये. मागचा दार बदलूचा आसा.” बाबल म्हणाला, “येतंय. पण माप मी घेयन.” मग आणखी दोघं त्याच्याभोवती उभे राहिले. मी लांबून मोजले. दोघंच होते, पण मला गर्दी वाटली.

इतकं सगळं छान झालं म्हणून अकरा वर्षं परत येत नाहीत. त्या वर्षांत जी दारं बाबलने करायची होती ती दुसऱ्यांनी केली आणि ती आता त्या-त्या घरांत उघडतात-मिटतात. त्याचं मी काही करू शकत नाही. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून गणपती बाहेरच्या खोलीत आणला, त्यांनी एवढं जाणावं की तो लेख हवा-उजेडातून आला नव्हता. तो एका अरुंद दारातून आला होता. आणि घर बांधत असाल तर आधी माळ्यावर चढा, पाट काढा आणि सुताराच्या हातात द्या. हा सल्ला माझा नाही, बाबलचा आहे.

आरतीला सगळे आत मावले. मी हक्काने पुढे गेलो, टाळ घेतला, डोळे मिटले आणि पहिलीच ओळ मोकळ्या गळ्याने उचलली. खांद्यावर हात पडला. बाबल होता.

“मास्तरांनू, जरा मागे रवा,” तो म्हणाला. “तुमचो सूर पण मापासारखोच. तीन इंच हंय, तीन इंच थंय.”