हस्ताक्षर मी पाहिलं होतं

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला की तो मित्राचाच. मुलगाही करतो, पण त्याला घाई असते. लालबागच्या आमच्या चाळीचा टॉवर झाला, मी अठराव्या मजल्यावर आलो, वर्षभरात बायको गेली. शेजारी कोण राहतं हे मला अजून नीट ठाऊक नाही. मित्र गिरगावात, खोताच्या वाडीच्या अलीकडे राहतो. फोनवर आम्ही एकाच माणसाबद्दल बोलतो, आणि तो कवी केव्हाच वारलाय.

कवी मोठा होता यात वाद नाही. नवकवितेत त्याने गिरणगाव आणलं. वाद आहे तो संपाच्या काळात मालकांच्या बाजूच्या एका साप्ताहिकात निनावी आलेल्या लेखांचा. संपकऱ्यांना शिव्या घालणारे ते लेख त्याचेच, असं हल्लीचे अभ्यासक म्हणतात. मित्राने उमेदीची सगळी वर्षं या कवीवर खर्च केली. शक्यच नाही, असं त्याचं अख्खं पुस्तक सांगतं.

ते लेख आमच्याच हातून गेले होते. तरुणपणी आम्ही दोघं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. रीत अशी की एकाने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची. माझा आवाज खणखणीत, म्हणून वाचणारा कायम मी. हस्तलिखित फक्त माझ्यासमोर असायचं. ‘आळशी स्वल्पविराम ऐतखाऊ स्वल्पविराम’ असं मी वाचत होतो, आणि माझे वडील संपावर होते, चाळीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. हस्ताक्षर ओळखीचं होतं. त्याच महिन्यात त्याच हस्ताक्षरातल्या कविता मी वाचल्या होत्या, त्याच्या नावानिशी आलेल्या. लेखकाचं नाव बाहेर न्यायचं नाही ही छापखान्याची शिस्त. मित्रालाही सांगितलं नाही. पुढे छापखाना बंद पडला तरी मी मूग गिळून बसलो.

मागच्या महिन्यात दादरला या वादावर चर्चासत्र झालं. त्याआधी मित्राने फोनवर सांगितलं, “तू ये रे. एवढंच सांग की प्रूफं आपण दोघंच बघायचो आणि ते लेख त्याच्या हातचे नव्हते. माझं कोण ऐकतंय आता?”

गेलो. एक तरुण प्राध्यापिका शब्दांच्या लकबींवरून लेख त्याचेच असल्याचं दाखवत होती. दुसरे एक विद्वान कविता वेगळी, राजकारण वेगळं म्हणून टेबल बडवत होते. तेवढ्यात मित्र उभा राहिला, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे त्या वेळचे साक्षीदार.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माईक माझ्या हातात आला. वडील आठवले, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं एवढंच की कित्येक वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

“लेख त्याचेच,” मी म्हणालो. “हस्ताक्षर मी पाहिलंय.”

मग टाळ्या झाल्या. चारपाच जणांनी माझा नंबर घेतला. चहाच्या वेळी मित्र कुठे दिसला नाही.

दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी मीच केला. तो कवीची बाजू घेऊन भांडेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती.

“त्याचं सोड,” तो म्हणाला. “माझ्या पुस्तकाची प्रूफं कोणी तपासली?”

“मी.”

“तीनदा वाचलंस. आणि मला काय म्हणालास?”

त्यानेच सांगितलं, “एकही चूक नाही म्हणालास.” आणि फोन ठेवला.

तो बरोबर बोलला. चूक दाखवली असती तर पुस्तक तिथेच थांबलं असतं, आणि पुस्तक थांबलं असतं तर रविवारी त्याला मला फोन करायचं काही कारणच उरलं नसतं.