मामांच्या दोन डिस्क

फोटोवाल्या मामांच्या कॉम्प्युटरमध्ये भाचीने दोन हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे जाईल ते जसंच्या तसं दुसरीवरही जाणार. शिवाय प्रोसेसर असा, की काम वाढलं की आपणहून वेग वाढवणार. मामांना ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

आज जागा करायला त्यांनी एका लग्नाचे सगळे फोटो पुसले. दुसरीवर आहेतच की! नव्या प्रोसेसरने बघता बघता फडशा पाडला. मग त्यांनी भाचीला दुसरी उघडायला बोलावलं.

"मामा, पुसलेलं दोन्हीकडून जातं."

"मग दुसरी कशाला?"

"पहिली बंद पडली तर."

मामांनी कपाळावर हात मारला.

"ती कुठे बंद पडली? डोकं माझं बंद पडलं. त्याला जोडीला काय बसवलंस?"