दोरीवरचे कपडे

मी तिची मावशी नाही. दिग्रसमधल्या एका घरमालकिणीला मी तसं सांगितलं ते धडधडीत खोटं होतं, आणि वेळ आली तर पुढच्या घरमालकिणीलाही मी तेच सांगेन. भाड्याने खोली मागायला गेलं की लोक भाड्याच्या आधी माणसं विचारतात. घरचं कोण आहे, गाव कोणतं, वडील काय करतात. एकटी मुलगी समोर उभी असली की हे प्रश्न जरा जास्तच खोल जातात.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलींच्या एका बालगृहात मी बरीच वर्षं रविवारी शिकवायला जायची. ती तिथली. चालायला लागल्यावर आली आणि अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडली. बाहेर पडली म्हणजे काय, तर ओवाळलं, पेढा भरवला, हातात एक बॅग दिली आणि सगळ्या पोरी फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्या वयात माझ्या मुलीला स्वतःचं ताट उचलून ठेवायचा कंटाळा यायचा. हिला मात्र सांगितलं, आता तुझं तू बघ. आजही ते फाटक आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

फुलसावंगीला तिची एक सख्खी काकू आहे. तिने काही महिने ठेवून घेतलं. काकू वाईट नाही. एकच खोली, नवरा अंथरुणाला खिळलेला, स्वतःची दोन मुलं, त्यात ही वाढलेली पोरगी. शेवटी तिनेच मला फोन केला. "मॅडम, मी हिले हाकलून नाई राह्यली, पन माह्याच्यानं आता होत नाई," असं म्हणाली आणि बोलता बोलता रडायला लागली. मी तिला काय बोलणार? नातेवाईक आहेत म्हटल्यावर बाकी सगळे हात झटकून मोकळे होतात, आणि त्या नातेवाइकाला कोणी एक शब्दानं विचारत नाही की बाई, तुझं कसं चाललंय.

मी तिला म्हटलं, माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेलीय, तिची खोली रिकामी आहे, तू ये. तर ही म्हणाली, "नाई मॅडम. तुमच्याकडं मी पाव्हनी होइन. मले कुलूप लावता येइन अशी खोली पाह्यजे." जन्मात कधी तिने कुलूप लावलं नव्हतं. बालगृहात एकच कुलूप, तेही बाहेरच्या फाटकाला, आणि किल्ली दुसऱ्यांच्या कमरेला. मला तिचं ते बोलणं फार आवडलं. ब्लाउज शिवणाऱ्या एका दुकानात काज-बटणाचं काम तिला लागलं होतं. राहता राहिली खोली.

दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर तिसऱ्या ठिकाणी मी शहाणी झाले. घरमालकीण बोरी अरब गावाकडची. नवरा तिकडे शेत सांभाळतो, ही मुलीच्या कॉलेजसाठी दिग्रसला घर बांधून राहिलेली. अंगणात भाड्याच्या खोल्यांची रांग, एक नळ आणि सगळ्यांना मिळून कपडे वाळवायची एक लांब दोरी. "तुमी हिच्या कोन?" तिने विचारलं. "मावशी," मी म्हटलं. आई-बाप लहानपणीच गेले, हे तर खरंच होतं. पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "मावशी, नळ कवा येते ते बी इचारून घ्या ना." माझ्यापेक्षा सफाईदार! मला हसू दाबताना नाकी नऊ आले.

किल्ली तिने काळ्या गोफात ओवून गळ्यात घातली. दुकानात सगळे हसायचे, कोणी मंगळसूत्र म्हणायचं. तिला काही फरक पडत नव्हता. मी एकदा सहज गेले, तर तिने आधी आतून दार लावून घेतलं, मग परत उघडलं आणि म्हणाली, "या." मला खूप बरं वाटलं होतं त्या दिवशी. आता वाटतं, इतक्या लवकर बरं वाटून घ्यायला नको होतं.

एका शनिवारी मी शाळेतून येऊन चहा टाकत होते तेव्हा घरमालकिणीचा फोन आला. "तुमची भाची काय करून राह्यली, येऊन पाहा." एवढंच. चहा तसाच ठेवून मी स्कूटी काढली.

अंगणात शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या होत्या. खोलीचं दार सताड उघडं. खाटेवर कपड्यांच्या घड्या, एकावर एक, रचून ठेवलेल्या. घरमालकिणीच्या साड्या, नवऱ्याचे शर्ट, मुलीचे कुर्ते, शेजारच्या खोलीतल्या पोराची चड्डीसुद्धा. घरमालकिणीने एक कुर्ता उचलून माझ्यासमोर धरला. गळ्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे बारीक टाके घातलेले होते.

"हे पाहा. कपडे उचलले ते उचलले, वरून आपली निशानी बी करून ठेवली. कायले? इकाले?"

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिला काय चुकलं तेच कळत नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला मात्र सगळं कळलं होतं.

बालगृहात कपड्यांची पाळी असायची. जिची पाळी, तिने ऊन उतरायच्या आत दोरीवरचे सगळ्यांचे कपडे काढायचे, आपल्या खाटेवर आणून घड्या करायच्या आणि जिचे तिला नेऊन द्यायचे. इतक्या जणींचे कपडे ओळखायचे कसे, म्हणून प्रत्येकीचा दोऱ्याचा एक रंग ठरलेला, त्याचे टाके गळ्याच्या आत. हिचा हिरवा. इथे गिरण्यांत कापसाचं जिनिंग सुरू झालं होतं, वारा सुटला की रुई उडून ओल्या कपड्यांना चिकटायची. शनिवारी हिला अर्धी सुट्टी. हिने बघितलं, दोरीवर सगळ्यांचे कपडे आहेत आणि कोणीच काढत नाही. म्हणजे आपली पाळी. घरमालकिणीच्या मुलीला तिने मनातल्या मनात लाल रंग देऊन टाकला होता. आजपर्यंत कोणाला आपलं म्हणायची तिला एवढीच एक रीत माहीत होती.

हे सगळं मी त्या अंगणात सांगितलं. चांगलं समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. शेजारच्या बायांपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

घरमालकीण कुर्त्याची घडी करत राहिली. मग म्हणाली, "चोर नाई, हे पटलं मले. गरीब हाये बिचारी. पन मंग ही आश्रमातली म्हना ना. अन् तुमी मावशी कशा?"

मी स्कूटीची किल्ली उगाच या हातातून त्या हातात घेतली. बोलायला मी कधी कमी पडत नाही, सासूसमोरही पडले नव्हते.

"मॅडम, माह्या घरात तरनी पोरगी हाये. हिले उद्या कमीजास्त झालं तं मी कोनाले बलावू? हिच्या मांगं कोनीच नाई."

"मला बोलवा. आज बोलावलंत तशी आले ना मी?"

"आल्या. पन तुमाले तिची एवढी माया हाये तं तुमीच घरी ठेवा ना."

तिच्या बोलण्यात विष नव्हतं, म्हणूनच मला भांडताही येईना. चोरीच्या आळातून सोडवण्यासाठी मी तोंड उघडलं होतं, आणि त्याच तोंडाने तिची खोली घालवून बसले होते. गप्प राहिले असते तर चोर म्हणून गेली असती, बोलले म्हणून अनाथ म्हणून गेली. मला भयंकर संताप आला होता, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे समजत नव्हतं.

तोवर पोरगी कामाला लागली होती. दुसऱ्यांचे कोरडे कपडे आधी काढून झाल्यावर तिने आपले धुतले होते, ते दोरीवर ओलेच होते. ते तिने काढले, पिळले आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले. बाकीच्यांच्या घड्या ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवल्या. मग गळ्यातला गोफ काढला आणि किल्ली घरमालकिणीच्या पायरीवर ठेवली. हातात दिली नाही.

स्कूटीवर ती मागे, बॅग पुढे पायाशी, आणि ओल्या कपड्यांची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये. पिशवी कुठेतरी फाटकी होती. घरी पोहोचेपर्यंत माझी पाठ भिजली होती.

आता ती आमच्याकडे असते. मी अजून खोली शोधते आहे, आणि विचारलं की मावशी म्हणूनच सांगते. पण दिग्रस केवढंसं, गोष्ट माझ्या आधी त्या घरी पोहोचलेली असते. घरात ती मला परत मॅडमच म्हणायला लागली आहे. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढते. माझ्या नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरमध्ये निळे टाके आले आहेत, आणि हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉलर उलटी करून दाखवतो, की बघा, आमचा रंग. मला पिवळा मिळाला. पुण्याहून मुलगी आली होती, तिचा एक ड्रेस जांभळे टाके घेऊन गेला.

मी मुलीच्या कपाटातला मधला कप्पा रिकामा करून तिला दिला. तो रिकामाच आहे. आमच्या घड्या ती ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवते, स्वतःच्या मात्र बॅगेत भरते, चेन लावते आणि बॅग दाराशी उभी करते. परवा न राहवून मी विचारलं, "अगं, कप्पा दिलाय ना तुला? तिथे ठेव की."

"ठेवतो ना मॅडम," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "फक्त मले निघा लागन तं आदल्या दिवशी सांगजा. म्हंजे मी त्या दिवशी कपडे धुनार नाई. ओले असले का लय जड होतात."