अल्माझचं सूत

एका माणसाने छातीवर हात ठेवून माझी माफी मागितली आणि मी मोठ्या मनाने त्याला माफ करून टाकलं. चूक त्याची नव्हती. माझी होती, आणि हे मला त्या क्षणीही पुरतं ठाऊक होतं. इथिओपियाच्या दक्षिणेकडच्या एका डोंगरी गावात हे घडलं. नागपूरला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "सिंह पाहिला का?" सिंह मी पाहिलाच नाही. जे पाहिलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

आफ्रिकेला जायचं म्हणून आम्ही जरीपटक्यातल्या एका सहली ठरवणाऱ्या बाईंकडे गेलो, तेव्हा माझ्याही डोक्यात सिंहच होता. बाई हसल्या.

"सिंह-जिराफ आता जुनं झालं साहेब. गाडीत बसून नुसते फोटो काढले, तर लोकायचं मन भरत नाही. आता त्यायले सोताच्या हातानं काही करून पाहायचं असते. कोणी गोरिला पाहायले रवांडाचे डोंगर चढून राहिले, कोणी टांझानियात गावात राहून सैपाक शिकून राहिले. नुसत्या बायकायचे बी ग्रुप जातात. लहान ग्रुप, एकच जागा, आरामात. तुम्ही विणकरायच्या गावाले जा ना! तुमचं तर घरच विणकरायचं."

हे त्यांना माझ्या बायकोने, सुनंदाने, सांगितलं होतं. मी सांगितलं नसतं. उमरेडला आमच्या घरात दोन खड्डामाग होते. वडील त्यांवर आयुष्यभर बसले. मी मात्र मागाच्या खोलीत पाय ठेवायचो नाही. अभ्यासाचं निमित्त सांगून पळायचो. पुढे सहकारी बँकेच्या कामठी शाखेत लागलो आणि वडील काय करायचे असं कोणी विचारलं की सांगायचो, "कापडाचा धंदा." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकान उभं राहायचं. मी ते राहू द्यायचो. अलीकडे हातमागाला पुन्हा मान आला, साहेब लोक हातमागाचे कुडते घालून मिरवू लागले, आणि मग मलाही हळूहळू आठवू लागलं की आपण कोष्टी आहोत.

आम्ही आठ जण निघालो. नागपूर, मुंबई, आदिस अबाबा, आणि तिथून लहान विमानाने अर्बा मिंच. विमान उतरताना खाली दोन सरोवरं दिसली, एक निळं, दुसरं चहासारखं तांबडं. कन्हानच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले ढोबळे आमच्या सोबत होते. ते खिडकीला नाक लावून म्हणाले, "आपल्या कन्हानचं पाणी बी पावसाळ्यात असंच दिसते गा. याच्यासाठी एवढ्या दूर आलो का?"

माझी बॅग मात्र आदिसलाच राहिली, आणि स्वेटर त्याच बॅगेत होता. आफ्रिका म्हणजे ऊन, अशी माझी पक्की समजूत. दुसऱ्या दिवशी आमची गाडी निलगिरीच्या झाडांमधून दोर्झे नावाच्या गावाकडे चढू लागली तेव्हा रस्त्यावर धुकं उतरलं. नागपूरचा उन्हाळा खाऊन वाढलेला मी आफ्रिकेत सुनंदाची शाल पांघरून कुडकुडत बसलो.

आमची मार्गदर्शक हिरुत नावाची तिशीतली बाई होती. अर्बा मिंचचीच. स्वच्छ इंग्रजी बोलायची आणि कोणाच्याही बोलण्याचं शब्दशः भाषांतर करायची. आमच्यातले बहुतेक शाकाहारी. तिने आम्हाला एकच शब्द शिकवला, 'यत्सोम' (उपवासाचं जेवण). तो म्हटला की ताटात ना मांस ना दूध. वाटेतल्या खानावळीत आम्ही तोच घोकला. समोर आली इंजेरा (आंबवलेल्या पिठाची मोठी, मऊ, आंबूस पोळी) आणि तिच्यावर शिरो. शिरोचा पहिला घास घेतला आणि सुनंदाने डोळे मोठे केले.

"अवं माय! हे तं बेसन हाये!"

खरंच, आपल्याकडचं पातळ बेसनच, मसाला तेवढा वेगळा. ढोबळ्यांनी तीनदा मागून घेतलं आणि आफ्रिकेवरचा राग सोडला.

दोर्झेतली घरं पाहून मी थक्क झालो. बांबूच्या पट्ट्या विणून केलेली, दुमजली उंचीची, दाराचा भाग सोंडेसारखा पुढे आलेला. लांबून हत्तीचं डोकंच वाटतं. हिरुतने सांगितलं की वाळवी बुडापासून घर खात जाते, तसतसं ते बुटकं होतं. फारच झालं तर गावकरी अख्खं घर उचलून दुसऱ्या जागी नेतात.

"आपल्या सोसायटीले असं उचलता आलं असतं," सुनंदा म्हणाली, "तं पार्किंगचं भांडण मिटलं असतं."

आम्ही उतरलो ते घर तादेसे आणि अल्माझ या नवरा-बायकोचं. तादेसे चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा. इथे पुरुष विणतात आणि बायका काततात. अल्माझ आमच्याशी बोलतानाही उभ्यानेच टकळी फिरवत होती. तिच्या बोटांतून निघणारा धागा दिसतच नव्हता, टकळी आपोआप खाली उतरत असल्यासारखी वाटायची. तिने आम्हाला कोचो (केळीसारख्या दिसणाऱ्या एका झाडाचा गर जमिनीत पुरून, आंबवून केलेली भाकरी) मधाबरोबर खायला दिली.

अंगणात एक माग होता. जाड सुताचा, पाहुण्यांसाठीच मांडलेला. प्रत्येकाने त्यावर बसायचं, चार-दोन वेळा धोटा (आडवा धागा वाहून नेणारं होडीसारखं लाकूड) फेकायचा, फोटो काढायचा. ढोबळे बसले, त्यांनी धोटा थेट कोंबड्यांत फेकला, सगळे खोखो हसले, तादेसेही हसला. मग ढोबळे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचं सोडा, हे पाहा! हे खानदानी विणकर हायेत!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इथे मी म्हणायला हवं होतं की वडील विणकर होते. मी इंग्रजीत म्हणालो, "हे खेळणं मला कशाला? मी पंधरा वर्षं माग चालवलाय. खरा माग असेल तर दाखवा."

हिरुतने ते जसंच्या तसं सांगितलं. तादेसेचा चेहरा बदलला. "शेम्माने!" (विणकर!) तो ओरडला, पुढे आला आणि माझ्या खांद्याला खांदा लावून तो मला भेटला. इथे जवळच्या माणसाला असं भेटतात. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तो मला आतल्या झोपडीत घेऊन गेला आणि मी दारातच थबकलो. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडायची जागा, आडवा धागा ठोकून बसवायची वर टांगलेली फणी, सगळं माझ्या घरचं होतं. एवढा समुद्र ओलांडून मी उमरेडच्या त्याच खोलीत येऊन उभा होतो, जिथून आयुष्यभर पळालो.

मागावर पांढरंशुभ्र तलम कापड चढलेलं होतं. तादेसेच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं, तिची ती नेतेला (अंगावर घ्यायची पातळ ओढणी) होती. एरवी ताणा (मागावर ताणून लावलेले उभे धागे) गिरणीच्या सुताचा असतो, तो जास्त ताण सोसतो. या कापडाचा ताणाही अल्माझने हाताने कातला होता, लेकीसाठी, घरचं काम आवरून, वर्षभर. हे सगळं सांगून झाल्यावर तादेसेने मला मागावर बसवलं.

दोन-तीन वेळा धोटा नीट गेला. दारात शेजारणी जमल्या होत्या. त्यांना काही सांगायला तादेसे वळला. मला चेव आला. पायाखालची पट्टी पुरती दाबली गेली नव्हती, ताण्याचे धागे अर्धेच उघडले होते, आणि मी जोराने धोटा फेकला. तो मध्येच अडकला. मला ते दिसलं, पण तोवर हाताने फणी खेचली होती. फणी अडकलेल्या धोट्यावर बसली आणि तटातट आवाज झाला. पसाभर धागे तुटून लोंबू लागले.

पुढचं मी विचार न करता केलं, पण केलं मीच. तादेसे वळायच्या आत धोटा बाहेर काढला आणि शहाण्यासारखा कापडावर ठेवला.

तादेसे वाकला. त्याने तुटलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. माझ्याकडे त्याने संशयाने पाहिलंसुद्धा नाही. त्याने मोठ्याने अल्माझला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. तो तिला भराभर काही बोलला, दारातल्या बायका हसल्या. अल्माझ हळू आवाजात काही म्हणाली, त्याने नकारार्थी मान हलवली. तिने टकळी उचलली, तिच्याभोवतीचा धागा गुंडाळला आणि ती टोपलीत ठेवून दिली.

"काय म्हणतोय तो?" मी हिरुतला विचारलं.

"म्हणतोय, इतकी वर्षं माग चालवलेल्या माणसाच्या हातात धागा तुटला, म्हणजे सूतच कच्चं. कातताना झोपली होतीस का, असं विचारतोय. हा ताणा उद्या कापून टाकतो आणि गिरणीचं सूत लावतो म्हणतोय. लेकीचं कापड लग्नात फाटायला नको."

तेवढ्यात तादेसे माझ्याकडे वळला, छातीवर हात ठेवला आणि वाकला. "यिक्र्ता," तो म्हणाला.

हिरुत म्हणाली, "तो माफी मागतोय. पाहुण्या विणकराला असल्या सुतावर बसवलं म्हणून."

आणि मी म्हणालो, "असू द्या. होतं कधी कधी."

डोंगर उतरताना गाडीत सगळे बोलत होते. मुक्कामावर पोचल्यावर सुनंदा खोलीबाहेरच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसलो.

"धोटा अडकला होता," ती म्हणाली. "तुम्ही काढून घेतला. म्या पाहिलं."

मी बूट काढू लागलो.

"काहून खोटं बोलले जी? कोणी मागितलं होतं का तुम्हाले?"

"तोंडातून निघून गेलं."

"पहिलं निघून गेलं. दुसरं?" तिचा आवाज चढला नाही. "माह्या माहेरी बी माग होता, धोट्यातल्या कांड्या मी भरत होती अन् माय भरत होती. मागावर धागा तुटला का बाबा मायवरच ओरडत. त्यायचा हात कधीच चुकत नव्हता. माय आयकून घेत होती. आज त्या बाईनं टकळी टोपलीत ठेवली ना, मले मायच दिसली. तुम्ही तिथं उभे होते, अन् बोलले नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मी, विणकराच्या पोटचा, उमरेडच्या घरात धागा तुटल्यावर माझी आई काय ऐकत असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी पळालो होतो ना.

दुसऱ्या दिवशी सगळे होडीतून मगरी पाहायला गेले. "अन् तुम्ही काहून नाही?" ढोबळ्यांनी विचारलं. "काम राहिलं वरती," मी म्हणालो. सुनंदा माझ्यासोबत आली. हिरुतला मी गाडीत खरं काय ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तादेसे सकाळी लवकर कामाला लागतो." त्यानंतर चालकाला तिने गाडी जरा दामटायला सांगितलं असावं, कारण वळणांवर आम्ही एकमेकांवर आदळू लागलो.

पोचलो तेव्हा तादेसे मागाजवळ उकिडवा बसला होता. शेजारी गिरणीच्या सुताच्या लडी पडल्या होत्या. ताणा अजून कापला नव्हता. मला पाहून तो हसत उठला, कालच्यासारखं खांद्याला खांदा लावायला पुढे आला. मी मागे सरलो.

"मी विणकर नाही," मी म्हणालो. "माझे वडील होते. मी माग कधी शिकलोच नाही. धोटा अडकला, मी फणी खेचली, आणि तुम्ही वळायच्या आत धोटा काढून ठेवला. सूत चांगलं होतं."

हिरुतने सांगितलं. तादेसेचं हसू गेलं. त्याने मागाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. त्याने एक प्रश्न विचारला.

"तो विचारतोय, हे खोटं कशासाठी?" हिरुत म्हणाली. "म्हणतोय, इथली मुलं शहरात गेली की बाप विणकर असल्याचं लपवतात. लोक कमी लेखतात म्हणून. विणकर नसताना विणकर म्हणवणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला."

"त्यांना सांगा, मीही लपवत होतो. बँकेत सगळ्यांपासून लपवलं. आता त्यात मान मिळतो असं दिसलं, तेव्हा बाहेर काढलं."

तादेसे पाठ फिरवून मागाच्या खड्ड्यात उतरला आणि एकेक तुटकं टोक शोधून गाठी मारू लागला. त्या पाठीकडे पाहत उभं राहणं शिव्या खाण्याहून कठीण होतं.

अल्माझ दारात होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडावर ना राग होता ना समाधान. ती हिरुतशी दोन वाक्यं बोलली आणि बाहेर निघून गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काल हसणाऱ्या पाच जणी होत्या, आज ऐकायला मी एकटीच. थांबा म्हणाली."

आम्ही थांबलो. ती एकेकीला अंगणात घेऊन आली. कोणाच्या काखेत पोर, कोणाचे हात पिठाचे. त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि अल्माझ त्यांच्यापुढे हाताची घडी घालून उभी राहिली. मी इंग्रजीत सुरुवात केली, पण पहिलंच वाक्य बँकेच्या अर्जासारखं निघालं. सुनंदा मागून म्हणाली, "आपल्या बोलीत बोला. हिरुतले मी इंग्रजीत समजावून सांगते."

मग मी बोललो. शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"अल्माझबाई, तुमचं सूत पक्कं होतं. माह्या हातानं तुटलं, अन् म्या ते लपवलं. काल तुमच्या घरच्यानं माही माफी मागतली, ते मीच मागाले पायजे होती. मले माफ करा."